पुस्तकाची पांढरी कड

एम.ए. करून तुमसरच्या एका राईस मिलमध्ये देखरेखीला लागलो, तेव्हा वाटलं होतं, पोट इकडे भरेल आणि वाचन आपलं सुरूच राहील. कुठलं काय! चार वर्षांत पुस्तकाबद्दल बोलायला एक माणूस मिळाला नाही. आईला एकदा कादंबरीची गोष्ट सांगायला बसलो, तर म्हणाली, "हे तुले परीक्षेले येऊन राहिलं का रे?" मी हसलो आणि विषय बदलला. नागपूरच्या कॅन्टीनमध्ये एकेका पात्रावरून भांडणारा तो मी गेला कुठे?

मग कळलं, जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये दोघं-तिघं दर रविवारी एका पुस्तकावर बोलतात. फोन केला. फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका होते. "या ना," म्हणाले, "पन पूर्ण वाचून या जी." आणि एका कादंबरीचं नाव सांगितलं.

शिकून गावी परतलेल्या माणसाची गोष्ट. त्याचं बोलणं हळूहळू बंद होत जातं. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचायचो. निम्म्यावर आलो आणि भीतीच वाटायला लागली. हा पुढे अगदी मुका झाला तर? सरळ सांगतो, पुस्तक मिटून टाकलं. बोलायचं ते प्रस्तावनेवरून आणि कॉलेजच्या जुन्या नोट्सवरून जमवलं.

रविवारी बसमध्ये त्याच नोट्स पुन्हा पुन्हा वाचत गेलो. क्वार्टरमध्ये काका आणि एक शाळेतल्या बाई, एवढेच. मी दहा मिनिटं ठोकून दिलं: अस्तित्वाचं तुटलेपण, आधुनिकतेचा पेच.

काकांनी माझं पुस्तक उचललं आणि न उघडता कडेनं पाहिलं. निम्म्यापर्यंतची पानं तांदळाच्या कोंड्यानं मळून पिवळी झालेली, पुढची कड पांढरीशुभ्र. मिलमध्ये हात कितीही झटका, कोंडा राहतोच. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पिवळी कड संपते तिथं त्यांनी बोट ठेवलं. "इथं काहून थांबले जी?"

संपलं. आता चपला घालायच्या, तुमसरची बस धरायची, आणि पुन्हा कोणाशी बोलणं नाही. खोटं काही सुचेना.

"भेव लागला," मी म्हणालो. "पुढं माझंच काही निघन म्हून."

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग हेच सांगाचं होतं ना! इतका वेळ कोणाचं बोलून राहिले होते?"

काकांनी ते पहिलं पांढरं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. "वाचा, मोठ्यानं. आमी बसलो हाओत."

पहिल्या ओळीला आवाज फुटलाच नाही. दोघांनीही घाई केली नाही. दुसऱ्या ओळीपासून मी अडखळत वाचू लागलो. भीती तशीच होती, पण आता ती ऐकायला दोन माणसं होती.