तात्याचा अ वर्ग

"काय तात्या, बरं आहे का?" असं सहादू तात्याला विचारायची सोय नव्हती. तो जागच्या जागी थांबायचा, डोळे बारीक करायचा आणि उलट विचारायचा, "का? कुनी काय म्हनलं?" माझं शेत त्याच्या शेताला लागून, त्यामुळे हे मी रोज ऐकलं आहे. शेती आणि दूध सांभाळून संशय घेणं हा त्याचा जोडधंदाच होता.

तात्याचा स्वतःचा मातीचा बांध होता. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, स्वतःच्या रानात, ओढा अडवून स्वतःच्या खर्चानं घातलेला. गाढवांवरून माती आणवली, बैल फिरवून दाबली आणि पाणी साठलं त्या दिवसापासून तात्याची झोप उडाली. माझ्या विहिरीला पाणी वाढलं, तर मी बांधाखालून भोक पाडलं असणार. ते भोक खेकड्यांचं निघालं, तेव्हा ते खेकडे मी आणून सोडले का, हेही त्यानं मला विचारून घेतलं. सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट. ती त्यानं दगडमाती रचून बुजवत आणली होती. पाण्याचा थेंबही खालच्या लोकांना फुकट जाता कामा नये, एवढंच त्याला कळत होतं.

जयमाला त्याची लाडकी लेक. ती केडगावला राहायची. जावयाची नोकरी सुटली तेव्हा तात्यानं दोघांना पोरांसकट बोलावून घेतलं. घरी मुलगा सचिन आणि सून होती, पण त्या दोघांवर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून लेकीला बांधाच्या अगदी पायथ्याशी दोन खोल्या बांधून दिल्या. "तू हितं ऱ्हा. बांधावर कोन चढलं, कोन उतरलं, ध्यान ठेव." पोटची पोर त्यानं राखणीला बसवली, याचा मला फार राग आला होता. पण बोललो असतो तर ती जागा मलाच पाहिजे, असं त्यानं गावभर सांगितलं असतं.

अठ्ठ्याण्णव साली खासगी बांधांची पाहणी करायला भार्गवी मॅडम नावाच्या तरुण अभियंता आल्या. टेप लावला म्हणजे पाणीपट्टी लागणार, या भीतीनं तात्या गोठ्याआडून त्यांना न्याहाळत होता. मॅडम बांधावरून चालल्या, सांडव्यापाशी थांबल्या, खाली उतरून जयमालाशी बोलल्या. निघताना तात्याला म्हणाल्या, "काका, तुमचा बांध आता अ वर्गात धरावा लागेल. आणि तो सांडवा..." पुढचं तात्याच्या कानात शिरलंच नाही.

त्याचं कारण आमची दूध संस्था. तिथला मी सेक्रेटरी आणि तात्या संचालक. ऑडिटला अ वर्ग आला की आम्ही पेढे वाटायचो, ब आला की चेअरमन तोंड लपवून फिरायचे. दुसऱ्यानं दिलेला पेढा आधी हुंगून बघणाऱ्या या माणसानं तो एक शब्द मात्र तसाच गिळला. पारनेरहून पेढे आणून दुधाच्या रांगेत वाटले. "राळेगणचं काम बघाया लोकं येत्यात. आता माझा बांध बघाया येतील," म्हणाला. मीही पेढा खाल्ला. म्हातारा एकदाचा खूष झालेला बघून बरं वाटलं.

पुढच्या चारच दिवसांत परतीच्या पावसानं बांध काठोकाठ भरला. तेव्हा मॅडम पुन्हा आल्या. सांडवा मोकळा केला की नाही, ते त्यांना बघायचं होतं. तात्या संस्थेतच बसला होता. त्यानं उरलेल्या पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"हे कशाचे?" मॅडमनी विचारलं.

"अ वर्गाचं."

मॅडमनी पुढे केलेला हात मागे घेतला. "काका, हा तुमच्या ऑडिटमधला अ नाही. बांध फुटला तर खाली माणसं मरतील, अशा बांधाला आम्ही अ म्हणतो."

तात्याचे डोळे बारीक झाले. "माझा बांध फुटंल, असं कुनी सांगितलं? ह्यानं?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"कुणीच नाही. बांध चांगला की वाईट, यावर हा वर्ग ठरत नाही. खाली कोण राहतं, त्यावर ठरतो. आधीच्या पाहणीत खाली नुसती ज्वारी होती, तेव्हा हाच बांध क वर्गात होता. आता पायथ्याला घर आहे. त्यात तुम्ही सांडवा बुजवलाय. अजून एक जोराचा पाऊस झाला तर पाणी बांधावरून वाहील, आणि माती त्यापुढं टिकत नाही."

"पर तितं घर कुनी बांधलं?" तात्यानं सवयीनं विचारलं.

तात्यानं पुडा टेबलावर ठेवला आणि तो तसाच चालू लागला. मीही त्याच्या मागे गेलो.

जयमाला भाकरी थापत होती. "जयू, सामान आवर. पोरं घे, वर घरी चल," तात्या दारातूनच म्हणाला.

तिनं हात थांबवला आणि डोळे बारीक केले. "का? कुनी काय म्हनलं?"

एरवी मी पोट धरून हसलो असतो.

"बांधाचा भरवसा न्हाई, पोरी."

"परवा तर पेढं वाटलं! खरं सांगा तात्या, सचिनला ही जागा पायजे ना? का वैनीनं शिकवलं?"

"न्हाई गं."

"मग ह्या सेक्रेटरीनं?"

तात्यानं देवाची शपथ घेतली, तिच्या पोरांची घेतली. तिनं एकही मानली नाही. कुणाच्या शपथेवर जाऊ नको, हे तिला लहानपणापासून तात्यानंच शिकवलं होतं. बाहेर आभाळ पुन्हा भरून आलं होतं. मला त्या दोघांचाही संताप आला आणि पोरांच्या जिवाची भीती वाटली.

भिंतीला टेकवलेला टिकाव तात्यानं उचलला आणि बांध चढून सांडव्यावर गेला. स्वतःच्या हातानं रचलेले दगड उपसायला लागला. मी मदतीला वाकलो तर म्हणाला, "तुमी लांब ऱ्हावा." तेवढ्यातही! शेवटचा मोठा दगड हलला आणि पाणी पलीकडच्या अंगानं धो धो ओढ्याला लागलं, ज्यांना थेंब द्यायचा नव्हता त्या खालच्या लोकांकडं. तात्या रडत होता आणि वाट आणखी खोल खणत होता.

जयमाला दारात येऊन बघत राहिली. हा माणूस कुणाला तांब्याभर पाणी घेऊ देत नाही, हे तिच्याएवढं कुणाला माहीत होतं? काही न विचारता ती आत गेली. थोड्या वेळानं भांडी पोत्यात भरल्याचा आवाज वर बांधापर्यंत आला.