तिसरा फर्मा

तिला सगळे पट्टीमावशी म्हणत. कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी तिच्या हातातून सुटलेली मी तरी पाहिली नाही. मी त्याच बाइंडिंग कारखान्यात कटिंग मशीनवर एकतीस वर्षं काढली. ती घडीच्या खोलीत.

त्या खोलीला दोन खिडक्या होत्या, दोन्ही खिळे ठोकून बंद. पंखे होते, पण लावायचे नाहीत. वारा आला की सुटे ताव उडतात. बारा बायका घामाने भिजत बसायच्या आणि समोरच्या तावांवर जंगलं, नद्या, पक्षी. लहान मुलांची पुस्तकं आमच्याकडे पुष्कळ यायची.

त्यात एक कासवांचं होतं. दरवर्षी नव्याने छापलं जायचं. एका तावाची सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. मावशीकडे कायम तिसरा. त्यात वाळूतून पिल्लं बाहेर पडतात आणि समुद्राकडे पळू लागतात. वरून पक्षी, खालून खेकडे. किनाऱ्याची रेघ समोरासमोरच्या दोन पानांवर होती, पण तावावर ती पानं दोन टोकांना. तावाच्या तिन्ही घड्या चोख बसल्या तरच रेघ जुळायची. ती फक्त मावशीच्या हाताला जुळे.

तावावर निम्मी पानं उलटी असतात. मावशी उलटं वाचायला शिकली होती. डबा खाताना मला विचारायची, "भाऊ, आई तर अंडी घालून निघून गेली. दोन मिनिटांपूर्वी जन्मलेल्या पोरांना समुद्र कुठे ते कोण सांगतं हो?"

"उजेड. पुस्तकातच आहे."

"ते वाचलंय मी. पण उजेडाकडे जायचं, हे तरी कोण सांगतं?"

पिल्लं पोचतात की नाही, ते चौथ्या फर्म्यात होतं. तो मी दरवर्षी कापत होतो. सांगायला तोंड उघडलं की ती पट्टी उगारायची. "सांगाल तर बघा! मी जुळणीच्या टेबलावर जाऊन स्वतः बघणार."

जुळणीच्या टेबलावर सगळे फर्मे एकत्र यायचे, अख्खं पुस्तक हाताखालून जायचं. घडी घातलेले गठ्ठे जड असतात, म्हणून तिथली खिडकी उघडी. तिने अकरा वर्षांत चार वेळा मुकादमाकडे बदली मागितली.

"मावशी, तू गेलीस तर रेघ कोण जुळवणार? तुझा बाप?"

"बाप असता तर त्यालाही तुम्ही इथेच कोंडला असता."

मुकादम हसला. बदली नाही.

बाराव्या वर्षी एक दिवस मी गठ्ठा कापला आणि कातरणात डोकी दिसली. कासवाच्या पिल्लांची, नखाएवढी. सात फर्म्यांत पिल्लू बिनडोक्याचं, किनारा मोडलेला. गठ्ठ्यावरची चिठ्ठी मावशीची. मी सात प्रती घेऊन तिच्यासमोर टाकल्या.

"हे काय आहे?"

"दाखवा की मुकादमाला. त्यासाठीच केलंय. घडी बिघडली म्हणेल, देईल टेबलावर."

"टेबलावर नाही, घरी पाठवेल."

"पाठवू दे." मग जरा आवाज उतरला. "सगळा गठ्ठा बिघडवणार होते, भाऊ. पन्नास. दोन दिवस झटले, सातच वाकड्या आल्या. हात ऐकतच नाही मेला."

"आणि ज्या मुलाच्या हाती हे जाईल त्याचं काय? बिनडोक्याचं कासव बघून ते काय शिकणार?"

तिने कातरण बोटावर घेतलं. मग सात नवे ताव ओढले. डब्याची सुट्टी तशीच गेली. सातही घड्या सरळ. वाकड्या प्रती मी रद्दीत टाकल्या, मुकादमाला कळू दिलं नाही. तेव्हा वाटलं, चांगलं केलं. काम वाचलं हे खरं. ती मात्र त्याच खोलीत राहिली. मी गप्प बसलो नसतो तर कदाचित सुटलीही असती. आता ठरवून उपयोग नाही.

आणखी नऊ वर्षं ती तिसराच फर्मा घडत राहिली. मग डोळ्यांना रेघ दिसेना, म्हणून तिला काम सोडायला सांगितलं. शेवटच्या दिवशी मी तिला चौथ्या फर्म्याचा एक खराब ताव नेऊन दिला. तिने तो वाचला नाही. आधी घातल्या घड्या. एक, दोन, तीन. पट्टीने दाबल्या.

"कापून देऊ?"

"नको. घरी सुरीने उघडेन. एकवीस वर्षं थांबले, आता काय घाई आहे?"

फाटकावर वॉचमन पिशव्या तपासायचा. त्याने फर्मा बाहेर काढला.

"छापलेला कागद बाहेर जात नाही, मावशी."

"अरे, रद्दीतला आहे तो," मी म्हणालो.

"रद्दीही जात नाही. नियम तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक होता. इतकी वर्षं आम्ही तो पाळला होता. त्याने फर्मा टेबलावर ठेवला आणि पुढच्या बाईची पिशवी मागितली. मावशी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. गजांतून माझ्याकडे बघितलं.

"सांगा आता," ती म्हणाली.

मी सांगितलं. शेवटच्या चित्रात पाण्यात तीन पिल्लं आहेत.

"तीनच? माझ्याकडे तर चाळीस निघाली होती."

"तीन," मी म्हणालो. जेवढी छापली होती तेवढीच. तिच्यासाठीही एक वाढवलं नाही.