देव्हाऱ्यातली सुपारी आणि हरवलेली सोंगटी

मित्रहो, आज घोळ झाला. मी उन्हात भटकू नये म्हणून सूनबाई ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावते.

सत्तरच्या दशकात बायकोनं आणि मी सारीपाटाच्या सोंगट्या घडवल्या होत्या. काळ्या दगडाच्या, पांढऱ्या नकली हस्तिदंताच्या. शाळेतल्या कविता म्हणत आम्ही सोलापूरच्या बाजारात तो हस्तिदंत शोधत फिरायचो. आता ती नाही, आणि एक पांढरी सोंगटीही हरवलीय.

बाजार कुलपापलीकडं. देवापुढं पांढरी सुपारी दिसली. पूजेतली उरलेली समजून कानशीनं घासून तिची सोंगटी केली. हुबेहूब हस्तिदंत की!

संध्याकाळी सूनबाई दिवा लावायला गेली.

"मामा, गणपतीची सुपारी कुठाय?"

मी सारीपाटाकडं बोट दाखवलं.

"अगंबाई! आता देव्हाऱ्यालाही कुलूप लावते!"

सोलापूरकरांनो, नकली हस्तिदंताचा तुकडा कुणी घरी आणून द्याल का? गणपती तरी सुटेल. मी आहेच आत.