त्याचं नवं नाव

"इल्ल री अण्णा, त्यो मेला," असं, म्हणजे 'नाही हो, तो मेला' असं, तो स्वतःबद्दलच सांगायचा. आणि सांगताना चेहरा इतका प्रसन्न, की बारशाचं बोलावणं करायला आलाय असं वाटावं.

गोष्ट स्वराज्याच्या आधीची. हुबळीबाहेर तारेच्या कुंपणात एक वसाहत होती. काही जातीच्या जाती सरकारने कायद्याने गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यांना तिथे ठेवत. सकाळ-संध्याकाळ हजेरी. परवान्याशिवाय कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की तुरुंग. मी तिथला कारकून. हजेरीचं पुस्तक माझ्याकडे. हा त्या वसाहतीतलाच, तिथल्या मागावर सतरंज्या विणायचा. याने कधी काय चोरलंय ते बघावं, म्हणून मी एकदा जुने कागद चाळले. एक ओळ सापडली नाही. लहानपणी शेजारच्या परसातले पेरू पळवणारा मी त्याच्यापेक्षा सराईत म्हणायचा!

वसाहत सरकारने एका गोऱ्या पाद्रीसाहेबाच्या हवाली केली होती. त्यामुळे रविवारी प्रवचन त्याचं आणि सोमवारी हजेरीही त्याचीच. दोन वर्षं प्रवचनं ऐकून या गड्याचा विश्वास बसला. बायको काही तयार झाली नाही. साहेबाने याला एकट्यालाच उणकलच्या तळ्यात बाप्तिस्मा दिला. जुना माणूस पाण्यात मेला, नवा वर आला, असं सांगून नवं नाव ठेवलं.

तुम्ही-आम्ही असलं ऐकतो आणि घरी जाऊन जेवतो. याने ते खरं मानलं. नव्या नावाने हाक मारील त्याला तो मूठभर चिरमुरे द्यायचा. मीही दोनदा खाल्ले.

बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, मी पुस्तकातलं जुनं नाव पुकारलं. तो रांगेत उभा, माझ्यापासून चार हातांवर. गप्प.

"अरे, हाजर म्हण," मी म्हटलं.

"इल्ल री अण्णा, त्यो मेला." मग साहेबाकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमीच बुडिवला न्हवं त्येला? आन् तुमीच परत हाक मारतायसा?"

साहेब लालबुंद झाला. "देवापुढे तू नवा आहेस. पण हुकूम येईपर्यंत सरकारी पुस्तकात जुनंच नाव राहील."

"म्हंजी देवाला बी सरकारचा हुकूम लागतोय?"

साहेबाने मला पुस्तकाकडे बोट दाखवलं. नियम असा, की जो ओ देत नाही तो गैरहजर. समोर उभ्या माणसाला मी गैरहजर लिहिलं.

साहेब दुष्ट नव्हता. त्याने वर अर्ज केला. मसुदा मीच लिहिला. उत्तर आलं, की असले लोक पोलिसांना चकवायला नावं बदलतात, सबब नामंजूर. तोवर गैरहजेरीने पानं भरली होती. खटल्याच्या कागदावर सही करायला साहेबाने दोन दिवस लावले. पण सही झाली.

मी त्या गड्याला बाजूला घेऊन समजावलं. "एक शब्द म्हण रे बाबा. मनातलं मनात ठेव."

"अण्णा, जल्मात एकदाच कुनीतरी मला चांगला म्हनलंय. ते कसं सोडू?"

जुन्या नावाशेजारी पेन्सिलीने नवं नाव लिहिणं माझ्या हातात होतं. नोकरी जाईल या भीतीने मी लिहिलं नाही. आजही आठवलं, की मला स्वतःची शरम वाटते.

सहा महिन्यांची शिक्षा झाली. चौथ्या महिन्यात तुरुंगात तापाची साथ आली. तिथल्या एका शिपायाने पुढे मला सांगितलं, की औषध द्यायला नाव पुकारायचे आणि हा पडल्या जागी गप्प. मग औषध पुढच्या माणसाला जायचं. मेल्यावर कागदावरच्या जातीप्रमाणे त्याचं उरकून टाकलं. प्रार्थना कुणी म्हटली नाही.

बातमी आली त्या दिवशी त्याची बायको माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"अण्णा, त्या पान्यातलं मला कायबी कळत न्हाई. पर उद्या हजेरीत त्येचं नवं नाव घ्या. एकदाच. मी ऐकते."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब शेजारीच उभा होता. ती रांगेत मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी जुन्या नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. ते तिचंच होतं.

तिने मान खाली घातली.

"हाजर," ती म्हणाली.