हळदीचं चांदणं

सहदेवनं चाळीस वर्षं नाटकांना उजेड दिला आणि चाळीस वर्षं त्याचं स्वतःचं नाव अंधारात राहिलं. जाहिरातीत प्रकाशयोजनाकार झळकायचे, विंगेत घामाघूम होऊन डिमर फिरवणारा सहदेव म्हणजे नुसता, "ए लाइटवाल्या!" पण काय हात होता! तिसऱ्या अंकात त्यानं चांदणं सोडलं की नायिकेच्या आधी प्रेक्षक उसासा टाकायचे. त्या चांदण्यासाठी त्यानं पत्र्यात पिंपळाची फांदी स्वतः कातरली होती. स्पॉटपुढे धरली की मागच्या पडद्यावर पानं डोलायची.

आता मानपाड्याच्या दोन खोल्यांत तो आणि बायको गोदूबाई. मुलगी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये. तिथल्या क्लबहाऊसमध्ये हेमाली मॅडमनी कॅमेऱ्याशिवाय फोटो काढण्याचं शिबिर भरवलं आणि मुलीनं बापाचं नाव घातलं. पाल्याचा रस कागदाला फासायचा, वर पान-फूल ठेवून काचेनं दाबायचं, उन्हात ठेवायचं. ऊन लागेल तिथला रंग उडतो, झाकलेला राहतो. झाला फोटो! मॅडम असं सांगत होत्या, जणू सूर्य त्यांनीच टॉवरवर बसवून घेतलाय.

"हळदीचा डाग उन्हात उडतो, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून मला ठाऊक आहे," गोदूबाई म्हणाली. "त्याला शिबिर कसलं? उद्या भांडी घासायलाही शिकवतील, इंग्लिशमधून!"

सहदेव हसला, पण हळद त्याच्या डोक्यात राहिली. बाकीच्यांचे पालकाच्या रसाचे कागद पंधरा दिवस बाल्कनीत पडून होते. "अळूचं फदफदं," तो म्हणायचा. त्यानं हळद स्पिरिटमध्ये भिजवली, फडक्यातून गाळली, कागदाला तीन हात दिले आणि वर तो पिंपळाचा जुना पत्रा ठेवला. सहा कागद वाया गेले. सातव्यावर पाच तासांत पानं उमटली: पिवळ्याधमक रात्रीत पांढुरकी पानं. तेच चांदणं!

"वॉव काका! प्रदर्शनात हे एंट्रन्सच्या काचेवर लावू," हेमाली मॅडम म्हणाल्या. खाली वीतभर पाटी, सहदेवच्या नावाची. तो पाटीकडे बघतच राहिला.

मग त्याला काचेतून येणारं पश्चिमेचं ऊन दिसलं.

"बाई, उन्हानं काढलंय ते ऊनच पुसेल. प्रदर्शन संपेपर्यंत कोरा कागद उरेल."

"मग रंग फिक्स करा ना."

"फिक्स होत नाही ते. होत असतं तर शिबिरात तुम्हीच सांगितलं असतंत."

"ओके, स्कॅन करून फ्लेक्स लावू. सेमच दिसेल! नाव काय, तेच राहील."

नाव राहील म्हटल्यावर सहदेवनं मान हलवली. नावासाठी माना हलवणाऱ्यांना आयुष्यभर हसला, आज त्यांच्यासारखीच हलवली.

फ्लेक्स आला. इतका चकचकीत, की वाढदिवसाच्या नेत्याचं हसरं तोंड तेवढं कोपऱ्यात छापायचं राहिलं होतं. प्रदर्शन सुरू झालं तसे लोक त्याला पाठ करून सेल्फी काढू लागले. सहदेवनं दहा मिनिटं पाहिलं, मग उठून आपली पाटी काढून घेतली.

जादा खुर्च्या रचलेल्या बोळात त्यानं खरा कागद टांगला, खाली पाटी ठोकली, वरून काळं कापड सोडलं. कुणी आलं की कापड वर करायचं, गोदूबाईनं दहा आकडे मोजायचे, कापड खाली. आठ वाजेपर्यंत पाचजण आले. त्यातले दोघे बाथरूम शोधत होते.

"अहो, पाटी दिसत नाही तुमची," गोदूबाई म्हणाली.

"विंगेत कुणाची दिसते? गप मोज, माणूस आलंय."

आलेल्या गृहस्थांनी मोबाईलचा टॉर्च पेटवला. "काका, इथे लाइट लावा ना, काहीच दिसत नाही."

"लावला होता, पाच तास. तेवढाच त्यात आहे. तो मोबाईल आधी खिशात घाला."

गृहस्थांनी मुकाट्यानं टॉर्च विझवला. सहदेवनं कापडाला हात घातला.

"एक," गोदूबाई म्हणाली, "दोन..."