आयता भात

लढाईच्या दिवसांत आम्ही तीन कारकून मित्र तानसाच्या रानात दोन दिवस मुक्कामाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन दगडांवर भात ठेवला, पण चूल नुसती धुमसत होती. फुंकून फुंकून आम्ही थकलो. रेशनचे उरलेसुरले तांदूळ सगळे त्या पातेल्यात होते.

तेवढ्यात वाटेने एक बाई आली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डोक्यावरची मोळी टाकून तिने चुलीतली निम्मी लाकडं ओढून काढली.

"वाऱ्याला जागाच नाय ठेवली तुमी," ती म्हणाली.

तिच्या एका फुंकरीत चूल पेटली. मग ती सागाला टेकून बसली. "वाईच डोळं मिटते. उतू गेला तं हाक मारा."

बसल्या बसल्याच तिला झोप लागली. भात करपल्याचा वास आला, तरी तिला उठवणं आमच्या जिवावर आलं. पातेलं आम्हीच उतरवलं. ती दचकून जागी झाली, तेव्हा सागाच्या पानावर वाढलेला भात तिच्यापुढे होता. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"करपलाय ना, मावशी?" मी विचारलं.

"करपलाय," घास गिळत ती म्हणाली, "पन मी रांधला नाय, म्हनून ग्वाड लागतो."

जेवण होताच ती सवयीने पातेलं घासायला उठली. माझ्या मित्राने ते तिच्याकडून काढून घेतलं. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते तिला कळेना. ती तशीच उभी राहिली.