तळाच्या संघाच्या काकू

शनिवारी दुपारी चार वाजले की आमच्या इमारतीत एक बाई मराठीतून शिव्या द्यायला सुरुवात करायची. इमारत जर्मनीतल्या वाल्डॉर्फमधली, म्हणजे जिथे शनिवारी कुणी खुर्ची जरा जोरात सरकवली तरी तळमजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकतात. अशा ठिकाणी पहिल्या मजल्यावरून आवाज यायचा, "अरे मुडद्या, पाय आहेत की लाकडं!" आणि पाठोपाठ टेबलावर हात आपटल्याचा. मी तेव्हा नुकताच कोल्हापूरहून तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो होतो आणि वरच्या मजल्यावर एकटाच राहत होतो. कितीतरी दिवसांनी इतकी खणखणीत मराठी कानावर पडली, मला राहवलं नाही. जिना उतरलो आणि बेल वाजवली.

दार काकूंनीच उघडलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, पातळावर जाडजूड स्वेटर आणि गळ्यात लाल-काळ्या पट्ट्यांचा मफलर. "मराठी आहेस? मग आत ये आणि ते रिफ्रेश की काय ते कर. नातीने माझा चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे." टेबलावर लॅपटॉप, त्यावर एक पान, त्या पानावर एक ओळ. ना चेंडू, ना मैदान, ना खेळाडू. दोन संघांची नावं आणि मधे स्कोअर, बस्स. त्या एका ओळीवर बाई ओरडत होत्या! माझं नाव त्यांनी विचारलं ते मॅच संपल्यावर.

काकू मूळच्या मिरजेच्या. डॉक्टरांशी लग्न करून स्कॉटलंडला गेल्या, तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या एका लहानशा गावात. गावाचा दवाखाना डॉक्टरांकडे, आणि शनिवारी गावच्या फुटबॉल क्लबचं मलमपट्टीचं कामही त्यांच्याकडेच. काकू मैदानावरची चहाची टपरी चालवायच्या. यात पंचेचाळीसेक वर्षं गेली. मग डॉक्टर वारले, आणि वाल्डॉर्फला नोकरी करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा शिरीष आईला आपल्याकडे घेऊन आला. तिकडच्या घराला कुलूप होतं. येत्या वसंतात ते विकायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे शिरीषने ठरवलं होतं. काकूंनी 'बरं' म्हटलं होतं.

क्लबचं नाव मी सांगत नाही, कारण सांगून तुम्हांला काही कळायचं नाही. स्कॉटलंडच्या लीगमधला सगळ्यांत खालचा विभाग, त्यात दहा संघ आणि त्या दहांत हा दहावा. "काकू, कशा आहात?" असं विचारलं की उत्तर यायचं, "दहावे आहोत." त्या काळी तिथे तळाच्या विभागातून आणखी खाली कुणाला टाकत नसत. काकूंना या गोष्टीचा कोण अभिमान! "आम्हांला खाली ढकलायची कुणाची टाप आहे?" असं विचारायच्या, जणू लीगची ट्रॉफीच घरात आणून ठेवली आहे.

खेळाडू सगळे अर्धवेळ. दिवसा आपापली नोकरी, मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव आणि शनिवारी मॅच. काकू त्यांना नावापेक्षा धंद्याने ओळखायच्या. सेंटर फॉरवर्ड पोस्टमन, मधल्या फळीत प्लंबर, कप्तान शाळामास्तर आणि गोलकीपर बेकरीवाला. गोल कितव्या मिनिटाला झाला एवढ्यावरून त्या अख्खी गोष्ट सांगायच्या. सत्तराव्या मिनिटानंतर गोल खाल्ला की म्हणायच्या, "झोप आली असणार त्याला. माणूस पहाटेच उठून पाव भाजतो रे." आणि मग लगेच लॅपटॉपकडे बघून, "म्हणून काय उभ्या उभ्या झोपायचं, मेल्या?"

आता मी पडलो कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांचे, तालमींचे संघ. मॅचच्या दिवशी नवऱ्याची पेठ एक आणि बायकोच्या माहेरची दुसरी असेल तर त्या घरात चूल पेटायची मारामार. फुटबॉलचं वेड म्हणजे काय ते आम्हांलाच ठाऊक, अशी माझी घमेंड होती. ती मी काकूंना ऐकवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा संघ अधूनमधून जिंकतो ना?" म्हटलं, जिंकतो की, शील्डं आहेत आमच्याकडे. "मग तुमचा तो शौक झाला. जिंकणाऱ्यांना माणसं मिळतात रे पुष्कळ. आमच्या पोरांना कोण आहे?"

टपरीची गोष्ट त्या स्वतःच खुलून सांगायच्या. पहिल्या हिवाळ्यात क्लबने त्यांना चहाला उभं केलं, तेव्हा त्यांनी क्लबच्या मोठ्या बॉयलरमध्ये पाणी, दूध, साखर, चहापूड आणि ठेचलेलं आलं असं सगळं एकदमच घालून उकळायला ठेवलं, मिरजेत करतात तसं. दूध तळाला लागलं, नळ तुंबला. हाफटाइमला गारठलेली माणसं रांगेत उभी, आणि काकू डावाने चहा ओतताहेत. निम्म्यांनी तो थुंकला, निम्म्यांनी परत मागितला. क्लबच्या कमिटीने काकूंना समज दिली. काकूंनी उलट कमिटीला समज दिली. पुढच्या शनिवारी टपरीवर दोन बॉयलर होते.

शिरीष वाईट मुलगा नव्हता, हे आताच सांगून टाकतो. आईला फुटबॉल आवडतो म्हणून तो तिला इथल्या एका बड्या जर्मन क्लबच्या स्टेडियममध्ये घेऊन गेला होता. पुढच्या वर्षी वर्ल्डकप इथेच व्हायचा होता, सगळी स्टेडियमं नवी कोरी, वर छप्पर, खाली गुबगुबीत खुर्च्या. परत आल्यावर मी विचारलं, "काय काकू, कसं होतं?" म्हणाल्या, "फार छान. पण तिथे मी कुणाला शिवी दिली तर त्याला ऐकू जाणार आहे का? आमचा बेकरीवाला मागे वळून उत्तर देतो."

शनिवारचे ते दोन तास सोडले तर मात्र काकू त्या घरात पाय न वाजवता वावरायच्या. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते दर वेळी सुनेला विचारायच्या. टीव्ही लावू का, म्हणून विचारायच्या. नातीशी मराठीत बोलायच्या; ती "या, ओमा", म्हणजे 'हो, आजी', एवढंच जर्मनमध्ये पुटपुटायची आणि आपल्या खोलीत पळायची. शिरीष म्हणाला, आई आज फिरायला नको, बाहेर निसरडं आहे, की "बरं". सून म्हणाली, आई भाजीत तिखट कमी घाला, की "बरं". चार वाजता मोकाट सुटणारी ही बाई सहा दिवस नुसतं बरं-बरं करते, ते मला बघवायचं नाही. घरातले सगळे त्यांच्याशी इतके गोड वागत होते की भांडायलाही जागा नव्हती.

त्या हिवाळ्यात कपचा ड्रॉ निघाला. कप म्हणजे लीगहून वेगळी स्पर्धा. तिच्यात तळातल्या संघाचीही चिठ्ठी थेट देशातल्या बड्या क्लबशी निघू शकते. आणि निघाली! मैदान आमचं. त्या संध्याकाळी मी जेवायला त्यांच्याकडेच होतो. वरण-भात कालवता कालवता काकू म्हणाल्या, "मी मॅचला जाणार आहे."

शिरीषचा घास हातातच राहिला. "आई, जानेवारीत? तिथे? तुझं बीपी, तुझा गुडघा..."

"गुडघा बसून दुखतो. उभं राहून नाही."

"आपण इथे बघू की. मी काहीतरी सोय करतो."

"इतकी वर्षं त्या मैदानात उभी राहिले, एकदाही बडा संघ गावात आला नाही. आता येतोय, आणि मी इथे बटाटे सोलत बसू?"

"पडलीस तर तिथे कोण आहे तुझं?"

"अख्खं गाव आहे," काकू म्हणाल्या. "आणि शिरीष, मी विचारत नाहीये रे. सांगतेय."

सून हळूच म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्यांना." शुक्रवारी जायचं, सोमवारी परत, अशी तिकिटं निघाली. "सोमवारी म्हणजे सोमवारी," शिरीषने बजावलं. काकू "बरं" म्हणाल्या. फ्रँकफर्टच्या विमानतळावर व्हीलचेअर घेऊन आलेल्या पोराला त्यांनी "डांके" म्हणून, आभार मानून परत पाठवलं आणि मफलर सावरत तुरुतुरु आत गेल्या.

शनिवारी सकाळीच काकूंचा फोन आला. रात्री कडाक्याची थंडी पडून मैदान गोठलं होतं. गावकऱ्यांनी फावडी घेऊन बर्फ काढला, पण रेफरीने बूट आपटून बघितला आणि मॅच बुधवारवर ढकलली. शिरीष म्हणाला, "आई, सोमवारचं विमान आहे तुझं." काकू म्हणाल्या, "मग विमानाला सांग, मॅच बुधवारी आहे." आणि फोन ठेवला. मी शेजारीच बसलो होतो. हसू आवरता आवरेना, म्हणून मी उठून गॅलरीत गेलो.

बुधवारी संध्याकाळी लॅपटॉपसमोर मी आणि शिरीष. बड्या संघाने सुरुवातीलाच गोल केला. मग कितीतरी वेळ ती ओळ जशीच्या तशी. मी रिफ्रेश करतोय, शिरीष येरझाऱ्या घालतोय. शेवटची काही मिनिटं राहिली आणि ओळ बदलली. एक-एक! गोल प्लंबरचा, हे नंतर काकूंच्या फोनवरून कळलं! मी असा काही ओरडलो की तळमजल्यावरच्या आजोबांनी काठी ठोकली. मी उलट पाय आपटून त्यांना उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा जर्मनीत मी मनासारखा आवाज केला.

तेव्हाचा नियम असा, की बरोबरी झाली तर मॅच पुन्हा, दुसऱ्याच्या मैदानावर. म्हणजे आणखी एक आठवडा. तिथे त्यांनी आमचे पाच-शून्य असे हाल केले. शिरीषने सुस्कारा सोडला, "संपलं. आता येईल." फोनवर काकू म्हणाल्या, "अरे, शनिवारी लीगची मॅच आहे, घरचीच. ती झाली की बघू." ती झाली. मग त्याच्या पुढच्या शनिवारची. दर वेळी काकूंची एकच मॅच राहिलेली असायची. फेब्रुवारीत शिरीषचं डोकं फिरलं. "ऐकत नाही म्हणजे काय! घेऊनच येतो," म्हणून तो शनिवारच्या पहिल्या विमानाने गेला.

रविवारी तो एकटाच परतला आणि सरळ माझ्याकडे आला. कोटसुद्धा न काढता बसून राहिला. मग सांगायला लागला. तो विमानतळावरून थेट मैदानावर गेला होता. संघ तीन गोलांनी मागे आणि आई गोलपोस्टमागच्या कठड्याला धरून बेकरीवाल्याला झापत होती. शिट्टी झाल्यावर हा पुढे होऊन म्हणाला, आई, चल. तर ती सगळ्यांसमोर त्याच्यावरच घसरली. इतक्या थंडीत टोपी न घालता आलास? डॉक्टरांचा मुलगा म्हणवतोस! घरी नेऊन पिठलं-भात वाढला आणि मग संध्याकाळभर तोंडाचा पट्टा सुरू. पोट बघ कसं सुटलंय. पोरीशी मराठीत का बोलत नाहीस? आणि हे घर विकायचं ठरवलंस, मला विचारलंस?

"मी म्हटलं, आई, तू बरं म्हणालीस की," शिरीष म्हणाला. "तर म्हणते, दुसऱ्याच्या घरात माणूस 'बरं'च म्हणतं. मी म्हटलं, दुसऱ्याचं काय, ते तुझंच घर आहे ना? ती म्हणाली, माझं घर हे. तिथे मी पाहुणी. तुम्ही फार चांगलं ठेवलंत रे, पण पाहुणी ती पाहुणीच. मला इथे हरू दे की, माझ्या माणसांत."

एवढं सांगून शिरीष हसायला लागला आणि हसता हसता रडला. "इतके दिवस माझ्याकडे होती, एकदाही माझ्यावर ओरडली नव्हती रे ती," एवढंच तो परत परत म्हणत राहिला. घर विकायचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. संघ दहावाच आला.

मला त्या बाईचा भयंकर अभिमान वाटतो. आज इथे कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की कुणीतरी मला विचारतंच, "आई-बाबांना कायमचं इकडे कधी आणताय?" प्रेमानेच विचारतात बिचारे, पण माझं डोकं सणकतं. मी विचारतो, "त्यांना यायचंय का, ते कोण विचारणार?" काही जण मला हेकट म्हणतात. म्हणेनात का.

काकू पुढे तीन-चार हिवाळे तिथेच राहिल्या, मफलर घालून, रोज कुणाला तरी झापत. गेल्या त्याही तिथेच, आपल्या घरात. शिरीष सगळं उरकायला गेला. आदल्या दिवशी अंत्यविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी शनिवार, घरच्या मैदानावर मॅच. दुपारचं परतीचं विमान त्याने सोडून दिलं, हे मला सुनेकडून कळलं. संध्याकाळी मी त्याला फोन लावला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "काय झालं मॅचचं?"

"चार-शून्य हरलो," शिरीष म्हणाला. आणि एकदम त्याने आवाज चढवला, "पण रेफरी चोर होता रे! साफ चोर! ऑफसाइड नव्हताच तो आमचा प्लंबर!"